कवायतबाईंचं तळं

आमच्या न्हाणीघरात दोन बादल्या असतात. एक अंघोळीची आणि एक वन्संची. वन्संच्या बादलीत कधी काय सापडेल याचा नेम नाही, म्हणून मी आधी वाकून बघते आणि मगच हात घालते. एकदा बघायला विसरले. बोटांना काहीतरी मऊ, गार आणि जिवंत लागलं आणि मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. वन्सं स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं हळू! घाबरेल ना ती गोगलगाय!" मी घाबरले त्याचं कुणाला काही नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतात. खरं म्हणजे आम्हीच त्यांच्या घरात राहतो, कारण या तीन खोल्या त्यांनी घेतल्या आणि धाकट्या भावाला म्हणाल्या, तू बायको आण, मी कपाट सरकवते. आमच्या ह्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे आणि स्वभाव म्हणजे अगदी गरीब गाय. एकाच आईच्या पोटी ही दोन माणसं कशी जन्मली हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. भाऊ चहाचा कप अर्धा करतो तोवर बहीण बाजार करून परत आलेली असते.

मुलींच्या शाळेत त्या कवायत शिकवायच्या. मुली पाठीमागे त्यांना ‘कवायतबाई’ म्हणायच्या आणि त्यांना ते माहीत होतं. त्यांना नाव आवडायचं, पण तसं दाखवलं तर मुलींना त्यात मजा राहणार नाही म्हणून त्या रागावल्याचं सोंग करत. शाळेला मोठं मैदान होतं. मग शाळेच्या मंडळींना वाटलं की एवढी जागा नुसती पळण्यासाठी ठेवायची म्हणजे उधळपट्टीच, आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात सायकलींसाठी पत्र्याची शेड आली. मग शेडला लागून दोन वर्ग. मग वर्गांना लागून अख्खी इमारत. वन्सं भांडल्या. पालकांना गोळा केलं, अर्ज दिले, वरिष्ठांच्या खोलीबाहेर बसून राहिल्या. पालक "हो हो" म्हणाले आणि सभेच्या दिवशी प्रत्येकाला काहीतरी काम निघालं. नोकरीची शेवटची वर्षं वन्संनी दोन वर्गांमधल्या बोळात काढली. हात पसरले की बोटं भिंतीला लागायची, तरी हात पसरायला लावायच्या.

निवृत्तीच्या दिवशी त्या घरी आल्या, कॅनव्हासचे बूट काढून गॅलरीत ठेवले आणि म्हणाल्या, "मैदान गेलं. आता माझ्या डोळ्यांदेखत दुसरं काही जाऊ देणार नाही."

आम्ही मान हलवली. निवृत्तीच्या दिवशी माणसं काय वाटेल ते बोलतात.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बसडेपोची मागची भिंत दिसते आणि भिंतीला लागून तळं. तळं म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून, कारण पाणी दिसायचंच नाही. काठापासून काठापर्यंत जलपर्णी, तिच्यावर पिशव्या, बाटल्या, आणि मध्येच कुणाची तरी फाटकी गादी. मी इतकी वर्षं त्या खिडकीशी भांडी घासली, पण तिकडे कधी निरखून बघितलं नाही. बघण्यासारखं होतं काय?

एक दिवस वन्सं भाजी आणायला गेल्या आणि रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. डेपोच्या भिंतीवर नगरपालिकेची सूचना लागली होती. तळं निरुपयोगी आहे, ते बुजवून तिथं बसगाड्या उभ्या करायचं घाटत आहे, कुणाची हरकत असेल तर कळवावं.

"माझी हरकत आहे," वन्सं म्हणाल्या.

"तुमचं काय आहे हो तिथं?" मी विचारलं. "पोहायला जायचंय का?"

"माझं काही नाही. म्हणूनच कुणाचंच काही नाही असं समजून ते बुजवतील." आणि पिशवी खुंटीला अडकवून त्या पुन्हा बाहेर पडल्या. भाजीचं राहिलंच.

त्या गेल्या होत्या कॉलेजात. आता कॉलेजच्या मुलांना म्हणे समाजसेवेचे तास भरावे लागतात, त्याशिवाय वर्ष पूर्ण होत नाही. बहुतेक मुलं कुठल्या तरी ओळखीच्या कार्यालयात जाऊन पंख्याखाली बसतात आणि सही घेऊन येतात. वन्संनी प्राचार्यांना सांगितलं, "रविवारी सकाळी मुलं मला द्या. तास भरतील आणि घामही येईल." प्राचार्यांना वाटलं, घाम म्हटल्यावर कोण येतंय! पण आली मुलं. दर रविवारी येत गेली आणि वाढत गेली, कारण वन्संनी साफसफाईची शर्यत करून टाकली होती.

दोन संघ केले. एक अलीकडच्या काठाचा, एक पलीकडच्या काठाचा. कोण जास्त उपटतं बघू! पुढचे मुलगे-मुली पाण्यात उतरून उपटायचे, मागच्यांची रांग हातोहात पुढे द्यायची आणि शेवटचा गडी नगरपालिकेच्या ट्रकमध्ये फेकायचा. काठावर एक पान पडून राहिलं तर त्या संघाचा गुण गेला. पलीकडच्या संघाची पुढारी होती कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची कप्तान. उंच, सडसडीत, आवाज असा की डेपोतले चालक भिंतीवरून डोकावायचे. तिला सगळे कप्तानच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. ती आणि वन्सं म्हणजे एकाच माळेचे मणी. एक म्हणायची "पळा", दुसरी म्हणायची "अजून पळा". चिखलात बूट रुतत, निघत, पुन्हा रुतत. हिरवं दिसलं की उपट, असा एकच मंत्र होता. जलपर्णी गेली, तिच्याबरोबर काठचा लव्हाळाही गेला. लव्हाळ्यानं कुणाचं काय घोडं मारलं होतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

आणि तळं निघालं. भांडी घासता घासता एका सकाळी मी मान वर केली तर खाली पाणी! त्यात आभाळ दिसत होतं. वर्तमानपत्रात फोटो आला, पुढे चिखलानं माखलेली कप्तान आणि मागे छाती काढून वन्सं. नगरपालिकेनं भरावाचा विचार बाजूला ठेवल्याचं सांगितलं. जिन्यात भेटेल तो माझं अभिनंदन करायचा आणि मीही ते घ्यायचे. नणंद माझी होती, मग?

पुढच्याच महिन्यात डास आले.

आधीही डास होते, नाही असं नाही. पण हे म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर म्हणायची वेळ. संध्याकाळी खिडकी उघडायची सोय राहिली नाही. डेपोपलीकडच्या चाळीत लहान मुलं तापानं फणफणू लागली. ज्या लोकांनी जिन्यात अभिनंदन केलं होतं तेच आता मला बघून म्हणायचे, "तळं घाण होतं तेच बरं होतं." आरोग्य खात्याकडे तक्रारी गेल्या आणि खात्याचं उत्तर आलं. पाऊस संपला की अधिकारी तपासणीला येतील. डासांच्या अळ्या सापडल्या तर तळं धोकादायक धरलं जाईल आणि बुजवलं जाईल. आधी घाणीमुळे बुजणार होतं, आता स्वच्छतेमुळे.

वन्संना काही केल्या उमजेना. त्यांनी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकांना स्वतः जाऊन बोलावून आणलं. मुलं त्यांना बेडूकमॅडम म्हणायची. शांत बाई, हळू बोलायच्या. मीही खाली गेले होते, कारण घरात बसून डासच मारायचे होते.

बेडूकमॅडम काठानं एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "जलपर्णी उपटल्यावर काठावर किती वेळ ठेवली होती?"

"काठावर?" वन्सं अभिमानानं म्हणाल्या, "एक पान ठेवलं नाही काठावर! पाण्यातून थेट ट्रकमध्ये."

मॅडम काठाशी उकिडव्या बसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. जलपर्णीची मुळं दाट असतात. त्या मुळांमध्ये चतुराची पिल्लं राहतात, गोगलगायी राहतात, बारके मासे लपतात. चतुर म्हणजे पाण्यावर भिरभिरतो तो चार पंखांचा किडा. त्याची पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. म्हणून उपटलेली जलपर्णी दिवसभर तरी पाण्याच्या कडेला पडू द्यायची असते. मुळं सुकू लागली की आतले जीव आपले आपण सरपटत पाण्यात परत जातात. मग ती उचलायची, आणि तीही एकदम सगळी नाही.

"म्हणजे आम्ही..." कप्तान म्हणाली.

"डास खाणारे सगळे ट्रकमध्ये भरून कचऱ्याच्या मैदानावर पाठवलेत," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मग त्यांनी काठाकडे बोट दाखवलं. चिखल वाळून घट्ट झाला होता आणि त्यात शर्यतीतल्या बुटांचे ठसे होते, सगळीकडे, टाचेपाशी खोल. प्रत्येक ठशात पाणी साचलं होतं आणि प्रत्येक पाण्यात बारीक काळ्या अळ्या वळवळत होत्या. आमच्या मुलांनी पळून पळून डासांना पाळणे बांधून दिले होते. अति तेथे माती म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. आमचे हे दोनदा म्हणाले, "ताई, चल, घासभर खा." त्या खिडकीशी उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला पळवणंच येतं रे. आयुष्यभर तेच शिकवलं." मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी या बाईची टिंगल करत आले, पण ती खाली बघून बोलतेय हे काही मला सहन होईना. मी म्हटलं, "मग आता दुसरं शिका. म्हातारपण कशाला असतं?"

"म्हातारी कुणाला म्हणतेस?" त्या म्हणाल्या, आणि मी ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन त्यांनी सगळ्या मुलांपुढे सांगितलं. "शर्यत माझी, नियम माझे, चूक माझी. तुम्ही सांगितलं तसं केलंत. आता ती निस्तरायची आहे आणि ते काम कंटाळवाणं आहे. ज्याला तासच भरायचे असतील त्यानं पंख्याखाली जावं." बहुतेक जण पंख्याखाली गेले. नव्याचे नऊ दिवस सरले होते आणि जिंकण्यासारखं काही उरलं नव्हतं. राहिली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कप्तान राहिली. वन्संनी कारण विचारलं तर म्हणाली, "बाई, हरत असलेला सामना मी अर्धा सोडत नाही."

मग सुरू झालं ते काम बघताना मलाच जांभया यायच्या. आधी बुटांचे खड्डे माती घालून एकेक करून बुजवले. चिखलात पुन्हा पाय पडू नये म्हणून डेपोतून टाकाऊ फळ्या आणून काठाला पायवाट केली. बेडूकमॅडमनी शहराबाहेरच्या एका ओढ्यावरून थोडा लव्हाळा आणवला, तो काठाला लावला. जलपर्णी एव्हाना पुन्हा पसरायला लागलीच होती. ती आता पट्ट्यापट्ट्यानं काढायची, काठाशी पसरून ठेवायची आणि समोर बसून राहायचं. मुलं त्या ढिगापुढे उकिडवी बसायची, काय बाहेर पडतंय ते बघायची आणि बेडूकमॅडमना नावं विचारायची. वन्सं पण बसायच्या. पण त्यांचा एक पाय सारखा हलत असे. एक मुलगा शेवटी म्हणाला, "बाई, तुमचा पाय हलतोय म्हणून फळी हलतेय, आणि फळी हलली की ते पिल्लू परत ढिगात पळतंय." वन्संनी गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. शाळेतल्या मुलींनी हे बघायला हवं होतं.

अळ्या मोजायच्या म्हणजे पाणी काढायला लांब दांड्याचं काहीतरी हवं. माझा आमटीचा मोठा डाव गेला. बांबूला बांधलेला तो दिसला तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं, तर वन्सं म्हणाल्या, "परत आणते." मी म्हटलं, "परत आणलात तर मी घर सोडेन." त्या डावानं जागोजाग पाणी काढायचं, पांढऱ्या थाळीत ओतायचं आणि बघायचं. मुलांनी एकदा मला बोलावून थाळी दाखवली. त्यात मातकट रंगाचं, सहा पायांचं, बेढब पिल्लू होतं. जवळून एक अळी वळवळत गेली आणि त्या पिल्लाच्या तोंडाखालून हातासारखा जबडा सटकन पुढे आला. अळी गायब. मी "अगं बाई!" म्हणून मागे सरकले आणि लगेच पुन्हा वाकले. भांडी तशीच पडली होती. तासाभरानं वर गेले.

पाऊस संपत आला तेव्हा तळ्याच्या तीन बाजूंना डावात अळ्या मिळेनाशा झाल्या होत्या. चाळीतला तापही ओसरला होता. राहिला डेपोकडचा कोपरा. तिथं गाड्या धुतलेलं तेलकट पाणी एका पाइपातून येऊन पडायचं. त्या पाण्यात जलपर्णी आणि डासांच्या अळ्या सोडल्या तर काही टिकत नव्हतं. मुलांनी तिथं दोनदा लव्हाळा लावला, दोन्ही वेळा काळा पडला. डेपोत जाऊन वन्सं किती वेळा भांडल्या, पण पाइप तसाच.

तपासणीच्या सकाळी मी थर्मासमध्ये चहा घेऊन खाली गेले. आरोग्य खात्याचे साहेब आले, बरोबर त्यांचा एक मदतनीस. चांगल्या बाजूनं त्यांनी सुरुवात केली. त्यांच्याजवळ त्यांचा स्वतःचा डाव होता, आमच्यासारखाच पण चकचकीत. पाणी काढलं, बघितलं, ओतलं. पुढे गेले, काढलं, बघितलं, ओतलं. त्यांचा चेहरा सैल पडत गेला. कप्तानच्या हाताची मूठ वळलेली होती. तिसरी बाजू संपली तेव्हा साहेबांनी घड्याळात बघितलं. त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. डेपोचा कोपरा लांब होता आणि तिकडे फळ्याही पोचत नव्हत्या.

"बाकी सगळं असंच आहे ना?" ते म्हणाले.

"हो सर," कप्तान पटकन म्हणाली.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "तो कोपरा राहिलाय. तिथं अळ्या आहेत."

मला वाटलं, या बाईला चिमटा काढावा. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत राहिली. साहेबसुद्धा बघत राहिले. मग कोपऱ्यापर्यंत चिखलातून गेले. मदतनिसानं डाव बुडवला आणि पहिल्याच डावात वळवळ. साहेबांनी ते टिपून घेतलं. "मला हे लिहावंच लागेल," ते म्हणाले. "लिहा," वन्सं म्हणाल्या.

साहेब गेल्यावर कप्तान भडकली. "बाई, आम्ही इतके महिने राबलो! ते निघाले होते! तुम्ही हातानं घालवलंत!"

"त्या कोपऱ्याच्या पलीकडे चाळ आहे," वन्सं म्हणाल्या. "तिथली पोरं पुन्हा तापली तर? आपलं तळं राहावं म्हणून त्यांनी ताप काढायचा का?"

"पण ते आता सगळंच बुजवतील!"

"बुजवायला आले तर भांडू. पण खोटं बोलून नाही."

कप्तान निघून गेली. चहा तसाच राहिला. खोटं सांगत नाही, त्या वेळी मी कप्तानच्या बाजूची होते. जिना चढताना वन्संना म्हटलंदेखील, "कुणी विचारलं होतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "हो. त्यांनी विचारलं होतं."

निर्णय लवकर आला नाही. पुढचे रविवार वन्सं एकदोन मुलांना घेऊन तळ्यावर जात राहिल्या. कप्तान फिरकली नाही. एक मुलगी मला म्हणाली, "काकू, उद्या बुजवणारच असतील तर आज का काढायचं?" मी तिला वन्संकडे पाठवलं. वन्सं जलपर्णीचा पट्टा ओढत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "उद्याचं उद्या. आज रविवार आहे." सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही म्हणतात, ती ही बाई.

मग नगरपालिकेचे इंजिनिअर स्वतः निर्णय सांगायला घरी आले. डेपोकडचा कोपरा पाइपापर्यंत बुजवायचा, त्यावर डेपोनं गाड्या उभ्या कराव्यात. तेलाचं पाणी गटारात वळवायचं. बाकी तळं राहील आणि कॉलेजनं ते अभ्यासासाठी सांभाळावं. मी आनंदानं पुन्हा चहा टाकला. आमच्या ह्यांनी दुकान अर्ध्यावर बंद केलं.

वन्संचा चेहरा मात्र हलला नाही. "पाइपापर्यंत म्हणजे पाइपाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे हो, बाई. डेपोच्या बाजूलाच."

"कोपऱ्यापासूनच सुरुवात होते," वन्सं म्हणाल्या. "मी बघितलंय. भराव टाकायच्या आदल्या दिवशी मला कळवा. कोपऱ्यातली जलपर्णी आम्ही काढू आणि पाइपापलीकडे चांगल्या पाण्याच्या कडेला ठेवू. रात्रभर तिला हात लावायचा नाही."

इंजिनिअर हसले. "किड्यांसाठी?"

"किड्यांसाठी," वन्सं म्हणाल्या.

आदल्या दिवशी खूप मुलं आली. कुणी कुणाला सांगितलं मला माहीत नाही. पंख्याखाली गेलेली आली आणि कप्तानही आली. वन्संशी बोलली नाही, सरळ पाण्यात उतरली. कुणी पळालं नाही. कोपरा रिकामा करून त्यांनी पाइपाच्या पलीकडे, चांगल्या पाण्याच्या कडेनं लांब ढीग पसरला. इतकं घाण पाणी, तरी मुळांमध्ये थोड्या गोगलगायी निघाल्या.

सकाळी डंपर आला. मी पोरांसाठी डबे घेऊन खाली गेले होते. दोन खेपा कोपऱ्यात पडल्या, दगडमाती धाडकन पाण्यात गेली आणि सगळे बघत राहिले. तिसऱ्या खेपेला चालक डंपर मागे घेत घेत पाइपाच्या पुढे यायला लागला, ढिगाच्या दिशेनं.

कप्तान ओरडली, "ओ, थांबा! अजून उतरतायत!"

चालकानं खिडकीतून डोकं काढलं. "कोण उतरतंय?"

"गोगलगायी!"

त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. "मला ठेकेदारानं त्या खुंटापर्यंत सांगितलंय. बाजूला व्हा." तो खुंट पाइपाच्या चांगला पुढे होता, ढिगाच्याही पलीकडे, आमच्या चांगल्या पाण्यात. आदल्या दिवशी तिथं नव्हता. कुणी कधी ठोकला देव जाणे.

वन्सं बूट न काढता पाण्यात उतरल्या आणि पाइपासमोर, डंपरच्या मागच्या चाकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाणी गुडघ्यापर्यंत. एकट्या. चालकानं भोंगा वाजवला. भिंतीवरून डेपोवाले बघू लागले. मी "वन्सं, अहो!" म्हणून ओरडले.

मग कप्तान पाण्यात उतरली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. खांद्याला खांदा. त्यानंतर ढिगाशी बसलेला मुलगा, मग ती प्रश्न विचारणारी मुलगी, मग बाकीचे. पाइपापासून काठापर्यंत रांग झाली. आमचे हे, गरीब गाय, केव्हा वरून आले मला कळलंच नाही. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तेही रांगेच्या टोकाला उभे होते. मी काठावरच राहिले, डबे सांभाळत, कारण डबे कुणीतरी सांभाळायला हवेत. पण माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही.

चालकानं इंजिन बंद केलं आणि फोन लावला. ठेकेदार आला, त्यानं आरडाओरडा केला. इंजिनिअर आले, त्यांनी कागद बघितला, टेप लावली, खुंट बघितला आणि ठेकेदाराकडे बघितलं. मग स्वतः वाकून खुंट उपटला. "चूक झाली," ते म्हणाले. "भराव पाइपाच्या अलीकडेच. बाई, या आता बाहेर. गारठाल."

वन्संनी कप्तानकडे बघितलं.

"आधी डंपर जाऊ दे, सर," कप्तान म्हणाली. "मग आम्ही येतो."